गुडघा सरळ होता

पिवळी पाटी वर गेली आणि ती मुलगी हसली. झालं एवढंच. पण मापताईच्या काळजात कुठेतरी चर्र झालं, आणि का झालं ते काही केल्या तिला कळेना. चालण्याच्या शर्यतींना पंच म्हणून ती वर्षानुवर्षं अशी रस्त्याच्या कडेला उभी राहत आलेली. पाटी दाखवली की चालणाऱ्यांचं काय काय होतं ते तिला तोंडपाठ होतं. कुणी रागाने पाय आपटतं, कुणी बघूनही न बघितल्यासारखं त्याच चालीत जातं, कुणी पुढच्या वळणापर्यंत पुटपुटत जातं, ऐकू येणार नाही इतपतच. हसत कुणी नाही. पाटीचा अर्थ एवढाच की बाई गं, तुझा गुडघा वाकतोय, सांभाळ, नाहीतर आता लाल कार्ड. त्यात हसण्यासारखं काय आहे? आणि ही हसली ती तरी कशी, तर मापताईने तिला दारातून घरात बोलावलंय अशी. वर म्हणाली, "आले हं, काकू." आणि गेली पुढे, दोन्ही दंड तळव्यांनी जरासे चोळत, कोपऱ्यावरच्या बंद गोदामाला वळसा घालून दिसेनाशी झाली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या, त्यांचे गुडघे ठीक होते, त्या गेल्या. रस्ता रिकामा झाला. वर ऊन नुसतं ओतत होतं आणि मापताई हातातल्या पाटीकडे बघत उभी राहिली.

मापताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बुटांच्या दुकानात ती पायांची मापं घेते म्हणून दुकानातल्या लोकांनी ठेवलेलं, आणि ते असं चिकटलं की आता सासरचेही तेच म्हणतात. आठवडाभर स्टुलावर बसून परक्यांचे पाय मांडीवर घ्यायचे, अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे ना ते चाचपायचं, आणि सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात उभं राहून पुन्हा लोकांचे पायच बघायचे. नवरा म्हणतो, "मी एखाद्या दिवशी दुसऱ्याचे बूट घालून आलो ना, तर ही दार उघडायची नाही." हसतात सगळे, तीही हसते. पण त्यात खोटं काय होतं? गिऱ्हाइकं बाजारात भेटतात, ओळख देतात, आणि ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसते. मग नजर खाली गेली की लगेच, अरे, तुम्ही होय, रुंद चवडा, डावी टाच झिजलेली! ह्या गोष्टीचा तिला आतून थोडा अभिमानच होता. माणूस तोंडाने हवं ते सोंग आणतो, पायांना ते जमत नाही, असं तिचं मत. आणि पंचाच्या कामाला असाच डोळा लागतो. पाऊल जमिनीला टेकल्यापासून ते अंग त्याच्यावरून पुढे जाईपर्यंत गुडघा सरळ हवा, आणि दोन्ही पाय एकदम हवेत जाता कामा नयेत. एवढाच ह्या खेळाचा नियम. एवढ्यासाठी माणसं जिवाचं रान करतात आणि एवढ्यासाठीच बाद होतात.

हे तिला ज्यांनी शिकवलं ते मुख्य पंच आज सुरुवातीच्या रेघेशी छत्रीखाली बसले होते. किडकिडीत, ताठ आणि टोकदार, म्हणून त्यांना पाठीमागे सगळे टाचणीसाहेब म्हणायचे, आणि त्यांना ते माहीत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगितलं होतं, "कमरेच्या वर बघायचं नाही. चेहरा बघितला की दया येते, आणि दया आली की निकाल चुकतो. बोलायचं नाही. हात तर मुळीच लावायचा नाही. पंचाचा हात लागला की त्या खेळाडूची शर्यत संपली म्हणून समजा." तिने ते असं पाळलं, की अख्ख्या स्पर्धा संपायच्या आणि जिंकलेली मुलगी समोरून हार घालून आली तरी हिला पत्ता नसायचा. एकदा तर स्वतःच्या भाचीलाच पाटी दाखवली आणि घरी गेल्यावर बहिणीने पुढचे दोन सण तिच्याशी अबोला धरला. मापताईला वाटलं, यात आपलं काय चुकलं? पाय वाकला तर वाकला. भाचीचा असो नाहीतर राणीचा.

पण मग आज हे हसू कुठून दिसलं आपल्याला? तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला तर मनगटही ओलंच. डांबराचा वास नाकात बसला होता. पायाखालचा रस्ता बुटाच्या तळव्याला किंचित धरून ठेवत होता. पाय उचलला की चिक्क असा आवाज यायचा. शर्यत खरं तर दिवस उजाडता उजाडता सुरू व्हायची होती. पाहुणे आले नाहीत म्हणून थांबले, पाहुणे आले तर त्यांचं भाषण, भाषण झालं तर माईक बिघडला म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून. मुली आपल्या कवायत केल्यासारख्या उन्हात उभ्या. ऊन काय भाषणासाठी थांबतं? आता मागच्या शाळेच्या भिंतीची सावली पार भिंतीच्या मुळाशी जाऊन बसली होती. रस्त्यापलीकडे पाण्याचं टेबल, त्याच्याशेजारी बाटल्या गार ठेवायला आणलेला बर्फाच्या पाण्याचा मोठा थोरला प्लास्टिकचा टब, आणि टबापाशी त्या मुलीचे सर. जाडजूड माणूस, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री गप्प बसावीत. ती दिसली की एकच घोष, "चिमणे! गुडघा! गुडघा!" पोरगी खरंच चिमणीच होती, काटकुळी, वेणीला निळी रिबीन. दुसऱ्या नंबरावर होती. पहिल्या तिघी मोठ्या शिबिराला जायच्या होत्या, आणि हे शिबीर रोजरोज भरत नाही हे मापताईला पक्कं ठाऊक होतं. ती चालायची त्या काळात तिची स्वतःची संधी अशीच एकदा कंबर लचकल्याने गेली ती गेलीच. म्हणूनच मुख्य पंचांकडे लाल कार्ड पाठवायला तिने अजून हात आखडता घेतला होता. एकदा दोन्ही पाय हवेत गेले म्हणून पाटी, आता गुडघ्यासाठी पाटी. सरावातच ढिलाई दिसते, तिने मनात म्हटलं होतं. असल्या सरांना फक्त ओरडता येतं.

दंड का चोळले पण तिने? घाम पुसायला माणूस असा हात फिरवत नाही. असा हात फिरवतो तो थंडी वाजल्यावर. अंगाची लाही लाही होतेय इथे, आणि थंडी? मापताई स्वतःशीच म्हणाली, काहीतरीच तुझं. आणि म्हणता म्हणता तिच्याच अंगावर एक जुना काटा येऊन गेला.

ती तेव्हा कॉलेजात होती आणि चालायची. भर दुपारी सराव, कारण त्यांच्या सरांची ठाम समजूत की उन्हाने खेळाडू घट्ट होतो. त्या दिवशी घशाला कोरड पडली होती, डोकं ठणकत होतं, आणि मग मध्येच सगळं थांबलं. छान वाटायला लागलं. इतकं छान, की तसं ते पुन्हा आयुष्यात वाटलं नाही, लग्नात नाही, मुलगा झाला तेव्हा नाही. रस्ता हलका झाला, पाय आपलेआप चालले, आणि अंगावरून गार वारं गेल्यासारखं शहारून आलं. वारं तर पानही हलवत नव्हतं. ती नेहमीचं वळण सोडून एका परक्या अंगणात शिरली, पायरीवर ऐसपैस बसली, आणि झाडांना पाणी घालणाऱ्या बाईला म्हणाली, "आमच्या आत्याला सांगा, मी आलेय." त्या बाईने तिच्याकडे एकदा बघितलं आणि हातातली रबरी नळी सरळ तिच्या डोक्यावर धरली. धरली ती धरलीच. ही ओरडते, लाथा झाडते, पण ती बाई हटेना. दादा न्यायला आला तेव्हा ही चिंब भिजून, दात वाजवत बसलेली. मग काय, घरात कुणी चार माणसं जमली की दादाचं सुरू, "आमच्या हिला लोक अंगणातल्या झाडांबरोबर पाणी घालतात!" हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. तीही सांगायची, आत्याचा आवाज काढून सांगायची. इतकी वर्षं ती गोष्ट तिने अशी हसण्यावारी नेली, की त्या बाईचं घर, त्या बाईचं नाव, काही विचारायचंसुद्धा तिच्या डोक्यात आलं नाही. आणि आज ह्या चिक्क चिक्क करणाऱ्या रस्त्यावर उभ्या उभ्या तिला पहिल्यांदा वाटलं, त्या बाईने मला चेष्टेने भिजवलं नव्हतं. ती घाबरली होती. तिने माझं तोंड बघितलं होतं. मी हसत होते.

मापताईने पाटी बगलेत मारली. तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"साहेब, ती निळ्या रिबिनीची मुलगी. मला ती बरी दिसत नाही."

खरखर झाली, मग टाचणीसाहेबांचा आवाज. "मग कार्ड पाठव. वाट कसली बघतेस?"

"गुडघ्याचं नाही म्हणत मी. मुलगी बरी नाही. डॉक्टरांना पाठवा ना इकडे."

"डॉक्टर इथे आहेत, एकीला उलट्या होतायत. मोकळ्या झाल्या की पाठवतो. आणि ताई, आपलं काम गुडघ्यापुरतं. ते सोडून इकडेतिकडे बघायला लागलीस तर कसं व्हायचं?"

बरोबर होतं त्यांचं. म्हणजे आजवर बरोबर होतं. एक मुलगी हसली आणि तिने दंड चोळले, ह्यावर कुणाची शर्यत थांबवायची असते का? उद्या कुणी विचारलं तर काय सांगणार, मला माझ्या दादाचा विनोद आठवला? समजा हात लावला आणि निघालं काहीच नाही. नुसती दमलेली, नुसती हसऱ्या तोंडाची पोरगी निघाली. मग? तिचं शिबीर गेलं, वर्षभराची मेहनत मातीत, आणि ती जन्मभर सांगत राहील की एका येड्या पंचबाईने मला रस्त्यातून ओढून काढलं. आणि समजा नाही लावला. मापताईने तो विचार पुरा केला नाही. मध्यंतरी त्यांच्या संघटनेत ह्याच डॉक्टरबाईंचं भाषण झालं होतं, एका कोंदट खोलीत; निम्मे पंच पेंगत होते, उरलेले चहाच्या किटलीकडे नजर लावून. ती स्वतः किटलीवाल्यांतलीच. पण एक वाक्य कानात राहिलं होतं, कारण डॉक्टरबाईंनी ते टेबलावर हात आपटून म्हटलं होतं: आधी गार करा, मग गाडीत घाला. उशीर झाला तर गाडी कितीही जोरात पळवा, उपयोग नाही. तेव्हा ते दुसऱ्या कुणासाठी आहे असं वाटलं होतं. तिने घड्याळाकडे बघितलं नाही. तिने गोदामाच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथून फेरी मारून मुली परत दिसायच्या. पहिली आली. मग बराच वेळ कुणी नाही. मग निळी रिबीन.

सवयीने नजर खाली गेली. आणि मापताईचा श्वास मोकळा झाला, कारण गुडघा सरळ होता. अगदी सरळ, काठीसारखा. टाच टेकत होती, अंग पुढे जात होतं, पुस्तकातल्या चित्रात असावं तसं. पलीकडून सरांचा आवाज फुटला, "शाब्बास गं चिमणे! बघा, बघा गुडघा!" आणि टबापाशी त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. बघ, उगाच घाबरलीस, मापताई स्वतःला म्हणाली. दाखवायला पाटी नाही, पाठवायला कार्ड नाही. नियमाने बोट ठेवायला तिळाएवढी जागा नाही. आता फक्त जाऊ द्यायचं. पाय जवळ आले. चांगले पाय होते, तिने मनाशी कबूल केलं. आणि मग, टाचणीसाहेब माफ करा, तिने मान वर केली.

तोंड पांढरंफटक. ओठ हलत होते, सारखे, कुणाशी तरी बोलल्यासारखे. डोळे उघडे होते पण मापताईच्या आरपार भिंतीकडे लागलेले, आणि ती भिंतीकडेच चालली होती. वळायच्या जागेचा भगवा शंकू तिने कधीच मागे टाकला होता. पाय शर्यतीत होते, पोरगी नव्हती.

"चिमणे," मापताई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती चालणाऱ्या कुणाशी बोलली. "बाळ, थांब. कुठे चाललीस?"

मुलगी थांबली नाही, पण हसली. तेच हसू. "आईला सांगा, मी भाजी घेऊन येतेच."

मापताईने पाटी टाकली आणि तिला धरलं. दोन्ही हातांनी, दंडाला. हातावर शहारे होते आणि त्यांच्याखाली कातडी इस्त्रीसारखी तापलेली. एक क्षण ती मुलगी तिच्या हातांतही चालतच राहिली, पाय आपले सरळ पडतायत. मग एकदम सगळं अंग सैल पडलं आणि तिचं डोकं मापताईच्या खांद्यावर आलं.

"अहो! अहो, काय केलंत हे!" सर रस्ता ओलांडून धावत आले. "हात लावलात? दुसरी होती हो ती! जमलं होतं तिला! सगळं जमलं होतं, आणि तुम्ही..." मग त्यांनी तिचं तोंड बघितलं. जाडजूड माणूस, पण क्षणात विरघळला. "चिमणे? ए चिमणे?"

"पाय धरा तुम्ही," मापताई म्हणाली. "टबात घालायचं तिला."

"बर्फात? अहो बाई, तापलेल्या अंगावर गार पाणी? जाईल ती! आमच्याकडे सगळे सांगतात, तापलेल्या अंगावर..."

"आणि माझ्याकडे डॉक्टर सांगतात. ऊन उतरेपर्यंत वाट बघता का आता? पाय धरा म्हटलं ना!" हा आवाज आपला आहे हे मापताईला खरं वाटेना. दुकानात ती गिऱ्हाइकाला अंगठा हलवून बघा हेही अदबीने सांगते. पण सरांनी मुकाट्याने पाय धरले. बाटल्या बाहेर फेकल्या गेल्या, आणि चिमणी कपड्याबुटांसकट मानेपर्यंत टबात गेली. मापताईने तिचं डोकं आपल्या कोपराच्या खोबणीत धरलं आणि दुसऱ्या हाताने पाणी ढवळायला सुरुवात केली, कारण डॉक्टरबाईंनी तेही सांगितलं होतं, ढवळत राहा, नाहीतर अंगाभोवतीचं पाणी तापतं. कुठे कुठे लपून बसलं होतं हे सगळं डोक्यात! सर गुडघे टेकून तिच्या डोक्यावर पेल्याने पाणी घालत होते आणि रडत होते, न लपवता, लहान मुलासारखे. "गुडघा गुडघा काय ओरडत बसलो मी," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मापताई म्हणाली, "मी तरी दुसरं काय बघत होते? घाला पाणी." वॉकीटॉकी रस्त्यावर पडून खरखरत होता. मापताईची बोटं बधिर झाली, मग पंजा, मग कोपर. मुलीचे डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर गेलेली. मापताई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या जवळून, इतका वेळ तिने स्वतःच्या मुलाचंही तोंड बघितलं नसेल. भुवईत एक जुना व्रण होता. वरच्या ओठावर लव होती. कानात कसलासा बारीक खडा होता, बर्फासारखाच. जाऊ नकोस गं, ती म्हणत होती, तोंडाने म्हणत होती की मनात, ते तिला सांगता आलं नसतं.

डॉक्टरबाई पळत आल्या, मागे गाडी, आणि गाडीच्याही पुढे टाचणीसाहेब, टोपी हातात. त्यांनी टब बघितला, टबात कोपरापर्यंत बुडालेली आपली पंच बघितली, आणि पहिल्यांदाच त्यांना टोचायला काही सापडलं नाही. त्यांनी आपली छत्री उघडली आणि तिघांच्या डोक्यावर धरून उभे राहिले, स्वतः उन्हात.

"बाहेर काढायची का?" सरांनी विचारलं.

"मुळीच नाही. आहे तिथेच राहू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी ताप मोजला, पुन्हा थोड्या वेळाने मोजला. "उतरतोय. कुणी सुचवलं टबाचं?"

त्याच वेळी चिमणीच्या हनुवटीला एक कापरं भरलं. मग खांद्यांना. मग दात वाजायला लागले, कडकड, आणि तिने पाण्यात अशी लाथ मारली की सरांचं तोंड भिजलं. "गार आहे," ती पुटपुटली. "काढा मला. गार आहे ना!"

"असू दे गार," डॉक्टरबाई तिच्यावर वाकल्या. "आता चालेल. काढू या हळूच. बाळ, इकडे बघ माझ्याकडे. आज वार कुठला?"

"रविवार." जरा वेळ लागला, पण आला.

"तू कुठे आहेस?"

"शर्यतीला." तिने मान वळवून बघायचा प्रयत्न केला. रस्ता, शंकू, गोदाम. तिच्यामागच्या दोघी समोरून चालत गेल्या, आणि तिचे डोळे त्यांच्याबरोबर गेले, कोपऱ्यापर्यंत, नीट, एका रेषेत. मग ते परत आले.

"आणि ह्या कोण आहेत, सांगता येईल?" डॉक्टरबाईंनी मापताईकडे बोट केलं.

चिमणीने वर बघितलं. आता त्या डोळ्यांत कुणीतरी होतं. कुणीतरी चांगलंच जागं होतं, आणि मापताईच्या आरपार न जाता ती नजर तिच्या तोंडावर येऊन घट्ट थांबली. ओठ निळे पडले होते, दात अजून वाजत होते, पण शब्द एकेक करून स्वच्छ आले.

"ह्या पंच आहेत," ती म्हणाली. "ह्यांनी मला बाद केलं. दुसरी होते मी. ह्यांनी मला हात लावला आणि बाद केलं." आणि ती मोठ्याने, रागाने, गळा काढून रडायला लागली.

इतकं गोड आजवर मापताईला कुणी बोललं नव्हतं. "हो गं बाई, मीच," ती म्हणाली, "मीच केलं, दे शिव्या," आणि बधिर झालेला आपला हात तिने त्या मुलीच्या गालाला लावला.